भंडाऱ्याची रिकामी जागा आणि दुसरं मत

मित्रहो, वर्ध्यात बोलायचं आणि गांधीजींच्या आधी दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं, हे जरा अवघडच. पण आज आम्ही भंडाऱ्याविषयी बोलणार आहोत, आणि गांधीजी मध्येच येतील, आपल्या पायांनी येतील.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. २६ एप्रिल २०२४ रोजी आपण वर्धेकरांनी लोकसभेसाठी मतदान केलं. त्याच दिवशी शेजारी अकोला पश्चिम मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूकही व्हायची होती. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केली. कारण साधं होतं : निवडून येणाऱ्या आमदाराला वर्षभराचाही कालावधी मिळत नव्हता. पुण्याची गोष्ट याच्या उलट. तिथल्या खासदारांचं निधन मार्च २०२३ मध्ये झालं, जागा रिकामीच राहिली, उच्च न्यायालयानं डिसेंबरात निवडणूक घ्या म्हणून सांगितलं आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुण्याला वर्षाहून अधिक काळ खासदार नव्हता. तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकांनी आम्हाला विचारलं, "सर, जागा रिकामी राहिली तर बिघडतं काय? कुणाला कळतं तरी का?" आम्ही तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र १९५४ आठवलं.

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सांगणाऱ्याच्या मनाप्रमाणे त्याला पुढे एक शेपूट जोडलेलं असतं : कुणी म्हणतो काँग्रेसनं पाडलं, कुणी म्हणतो जातीनं पाडलं, कुणी म्हणतो आपल्याच माणसांनी पाडलं. पण जागा रिकामी कशी झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ती हकीकत पराभवाइतकीच सांगण्याजोगी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

त्या काळी वर्धा, नागपूर, भंडारा हे सगळं मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, भंडाऱ्यातच होता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या वर्ध्यातून श्रीमन्नारायण लोकसभेवर गेले. वर्ध्याची जागा एकाची होती. भंडाऱ्याची दोघांची. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. देशात अशा दुहेरी जागा ८६ होत्या. भंडाऱ्यातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले.

निवडणुकीला आव्हान दिलं गेलं. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १५ फेब्रुवारी १९५४ ला निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्याच भागातले : व्हिव्हियन बोस, पूर्वीचे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. वकील मंडळींनी हा निकाल वाचलेला असतो. तत्त्वज्ञानाच्या माणसांनीही वाचावा असं आमचं मत आहे, कारण त्यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही मोठे आहेत.

पहिला प्रश्न विडीचा. हसू नका. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीचे भागीदार. ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत असे. ज्याचे सरकारशी माल पुरवण्याच्या करारात हितसंबंध आहेत, त्यानं संसदेत बसू नये, असा कायदा. बचाव असा होता, की हा करार राज्यघटनेनं सांगितलेल्या रीतीनं, राष्ट्रपतींच्या नावानं, झालेलाच नाही. म्हणजे तो करारच नाही. मग हितसंबंध कुठून आले? न्यायालय म्हणालं, कागदाचा दोष असेल, पण माल जात होता, पैसे येत होते, व्यवहार खरा होता. आजकाल ठेके कुणाच्या नावावर असतात आणि कुणाच्या घरातून चालतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. एवढंच म्हणतो, की त्या वेळी विडीच्या पुरवठ्यावरून खासदारकी गेली.

दुसरा प्रश्न गंगाराम ठवरे यांचा. राखीव जागेसाठी त्यांनी अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला. का? तर ठवरे जन्मानं महार, पण त्यांनी महानुभाव पंथाचा स्वीकार केला होता. आणि महानुभाव जात मानत नाहीत, सबब हे महार उरले नाहीत, सबब हे अनुसूचित जातीचे नव्हेत. तर्कशास्त्राच्या वर्गात घालावा असा युक्तिवाद आहे. प्रत्येक पायरी बरोबर वाटते आणि शेवटी माणूस नाहीसा होतो.

रिद्धपूर इथून काही फार लांब नाही. मोर्शीच्या बाजूला, अमरावती जिल्ह्यात. श्रीचक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं ते गाव. तेराव्या शतकात त्या परंपरेनं जातीचा विटाळ झुगारला. तेव्हा सातशे वर्षांनी कुणी सरकारी अधिकारी त्याच गोष्टीचा आधार घेऊन एका महाराला म्हणेल, की तू आता महार नाहीस म्हणून तुझी सवलत गेली, हे कुणाला सुचलं असतं?

न्यायमूर्ती बोस यांनी काय पाहिलं? त्यांनी पंथाचे ग्रंथ पाहून प्रश्न मिटवला नाही. त्यांच्या मते पाहायच्या गोष्टी तीन. जुना समाज या माणसाशी कसा वागतो? हा माणूस स्वतःला काय समजतो? आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवऱ्यांना महार समाजानं बाहेर टाकलं नव्हतं. समाजाच्या कार्यात त्यांना मान होता, लग्नं महारांच्याच मुलींशी झाली होती, आणि ते स्वतः आपल्याला महारच मानत होते. तेव्हा पंथ बदलला तरी जात सुटली नव्हती. अर्ज चुकीनं फेटाळला गेला, आणि म्हणून भंडाऱ्याची सगळी निवडणूकच रद्द, दोन्ही जागांची.

आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. 'मी कोण' या प्रश्नावर पोरांना पुष्कळ ताप दिला. पण 'मी कोण' हे ठरवताना साक्षीदार तीन लागतात, एक आपण स्वतः, एक ज्यांना सोडून आलो ते, आणि एक ज्यांच्याकडे गेलो ते, हे इतक्या सरळ रीतीनं आम्हाला एका निवडणुकीच्या निकालपत्रात सापडलं.

तर फेब्रुवारीत जागा रिकाम्या झाल्या आणि मे महिन्यात मतदान झालं. तीन महिन्यांत. आजच्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती १९९६ मध्ये घातली. तेव्हा मुदत नव्हती तरी काम झालं.

आता मतदान कसं होत असे ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मतपत्रिकेवर नावं नसत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. आडोशाला जायचं आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. दुहेरी मतदारसंघात मतदाराला दोन कागद. पण दोन्ही एकाच पेटीत टाकता येत नसत; टाकले तर एकच धरत, दुसरा बाद. मोजणी अशी : आधी अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मतं, तो राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, पुन्हा सांगतो, उरलेल्या सगळ्यांत, ज्याला जास्त, तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे राखीव जागेसाठी उभा असलेला, पण तिथं दुसरा आलेला माणूस सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत होता. पुढे १९५७ साली आंध्रात पार्वतीपुरमला हेच झालं. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी, जे नंतर राष्ट्रपती झाले, ते पडले. गिरींनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नियम तसाच आहे.

हा नियम डोक्यात ठेवा.

या दोन कागदांना एक मागचा इतिहास आहे, आणि इथं गांधीजी येतात. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना दोन मतं दिली होती : एक स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडायला, आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढल्या, एकूण १४८ झाल्या, आपल्या मध्य प्रांताला त्यातल्या २० आल्या. पण दुसरं मत गेलं. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात याचा हिशेब मांडला आहे. जागांपेक्षा ते दुसरं मत मोलाचं होतं, असं त्यांचं म्हणणं. ते हाती असतं तर कुठलाही सवर्ण उमेदवार अस्पृश्यांच्या वस्तीकडे पाठ फिरवू शकला नसता.

गांधीजींची बाजूही आपण वर्धेकरांनी सांगितलीच पाहिजे. आपल्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारं जमनालालजींनी १९२८ सालीच सगळ्यांना उघडली होती. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा निघाला तो याच गावातून. माणसं बदलतील, एका यादीत राहिली तर लवकर बदलतील, हा त्यांचा विश्वास. बाबासाहेबांचा प्रश्न होता, बदलेपर्यंत आमचा प्रतिनिधी कोण निवडणार? आणि संयुक्त मतदारसंघाचं उत्तर होतं, सगळे मिळून. म्हणजे ज्यांची संख्या जास्त ते.

१९५२ मध्ये मुंबईत याची पहिली परीक्षा झाली. बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या फरकानं हरले. तिथंही दुहेरी जागा होती. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं समाजवाद्यांशी युती केली होती. त्यांचे उमेदवार अशोक मेहता. कम्युनिस्टांकडून कॉम्रेड डांगे उभे होते. 'दुसरं मत कुजवा' असा प्रचार झाला. सत्तर हजारांहून अधिक मतं वाया गेली. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली, मतं कुजवायला सांगणं हा गैरप्रकार आहे असं त्यांचं म्हणणं होतं. याचिका फेटाळली गेली. बाबासाहेब राज्यसभेत गेले.

आणि दोन वर्षांनी भंडारा. पुन्हा तेच दोघं : राखीव जागेला बाबासाहेब, सर्वसाधारण जागेला प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. राखीव जागेला काँग्रेसचे भाऊराव बोरकर. उन्हाळा, आणि भंडाऱ्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली. राज्यसभेची जागा हातात असताना, त्या उन्हात त्यांनी सभा घेतल्या आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली. लोकांमधून निवडून येण्याची त्यांना ओढ होती, असंच म्हणावं लागतं. राज्यसभेत आमदार निवडून देतात, लोकसभेत माणसं.

या प्रचारातली एक हकीकत विदर्भातले जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. कार्यकर्त्यांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, बाबासाहेब, आपल्या लोकांना सांगू, एक मत तुम्हाला द्या आणि दुसरं जाळून टाका. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. घटना आपण केली, मत वाया घालवायला आपणच सांगायचं? त्यापेक्षा हरलेलं बरं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय सांगतात.

पुष्कळ वर्षं आम्ही ही हकीकत नुसती ऐकायचो आणि मान डोलवायचो. थोर माणूस, थोर उत्तर. मग एकदा गणित मांडून बघितलं. दुसरं मत जाळून बाबासाहेबांना मिळणार काय होतं? त्यांच्या मतदाराचा दुसरा कागद मेहतांच्या पेटीत पडला काय आणि घरी गेला काय, बोरकरांचं एकही मत कमी होत नव्हतं. मग कार्यकर्ते खुळे होते का? नाही. मघाचा नियम आठवा. बोरकर राखीव जागेवर पुढे गेले, तर बाबासाहेब उरलेल्यांत येत होते, आणि उरलेल्या जागेसाठी त्यांची स्पर्धा दुसऱ्या कुणाशी नव्हती, अशोक मेहतांशी होती! फेडरेशनच्या वस्त्यांनी दुसरा कागद मेहतांच्या पेटीत टाकला नसता, तर मेहता खाली येत होते आणि बाबासाहेब सर्वसाधारण जागेवर लोकसभेत जाऊ शकत होते. कार्यकर्त्यांचं गणित पक्कं होतं. त्यांनी सुचवलेली युक्ती कायद्यात बसणारी होती, मुंबईत ती दुसऱ्यांनी त्यांच्यावर वापरली होती, आणि न्यायालयानं ती चालवूनही घेतली होती.

मग नकार का? आमच्या मते मुंबईची याचिका इथं आडवी येते. जे दुसऱ्यानं केलं तेव्हा गैरप्रकार, ते आपण केलं की डावपेच, असं बाबासाहेबांना म्हणता येणार नव्हतं. कांट शिकवताना आम्ही जर्मनीतली उदाहरणं द्यायचो, पोरं जांभया द्यायची. भंडाऱ्याचं उदाहरण फार उशिरा हाती लागलं. पण निव्वळ तत्त्व म्हणून याकडे बघू नये. जोडीदाराला शब्द दिला होता, आणि दिलेल्या शब्दाची किंमत पुढच्या निवडणुकीत मोजायची असते, हा व्यवहारही त्यात होता. बाबासाहेब भाबडे नव्हते.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब ८,३८१ मतांनी मागे, तिसरे. फेडरेशनच्या माणसांनी मेहतांना आपला दुसरा कागद दिला होता. मेहतांना मत देणाऱ्या सवर्णांपैकी पुष्कळांचा दुसरा कागद बाबासाहेबांच्या पेटीपर्यंत पोचला नाही. युती एक, प्रचार एक, पेट्या दोन, आणि एक भरली, दुसरी कमी पडली.

तो कागद कुठं गेला?

आमच्या घरातलं एक सांगतो. आमचे एक मावसोबा त्या वेळी तुमसरकडे शाळामास्तर होते. खादीधारी, सूत कातणारे, वर्ध्याच्या मंदिरप्रवेशाची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारे. जातीनं आमचेच, म्हणजे मतदार कोणत्या बाजूचा ते समजून घ्या. काँग्रेसवर रागावलेले होते, म्हणून त्या वेळी मत समाजवाद्यांना द्यायचं ठरवलं होतं. आम्ही कॉलेजात शिकवायला लागल्यावर एकदा दिवाळीला त्यांच्याकडे गेलो, भंडाऱ्याचा विषय निघाला. आम्ही नव्या प्राध्यापकाच्या तोऱ्यात बोलत होतो : समाजानं बाबासाहेबांना पाडलं वगैरे. मावसोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक कागद मी मेहतांच्या पेटीत टाकला. दुसरा हातात होता. हत्तीच्या पेटीपुढं उभा राहिलो. बैलांच्या पेटीत टाकायचा नव्हता, हे नक्की. हत्तीच्या पेटीत टाकायला हात गेला नाही. बाहेर रांग होती, मागून कुणी खाकरलं. कागद खिशात घातला नि घरी आलो." मावशी आतून म्हणाली, "आणि धुण्यात गेला."

हे बेकायदा होतं, हे त्यांना माहीत होतं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते दुसरंच. ते म्हणाले, "मी त्यांच्या विरुद्ध मत दिलं नाही रे." आम्ही काय बोलणार? पंधरा वर्षं आम्ही वर्गात 'कृती' आणि 'अकृती' यांत नैतिक भेद आहे का, हे शिकवलं असेल. त्या दिवशी चिवड्याची बशी हातात धरून बसलो.

आता असे किती शाळामास्तर होते याची मोजदाद करता येत नाही आणि आम्ही करणारही नाही. ८,३८१ हा आकडा तेवढा आहे.

पुढचं थोडक्यात. भाऊराव बोरकरांना कालावधी पुरा करता आला नाही. त्यांचं निधन झालं आणि १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक होऊन अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. म्हणजे पहिल्या लोकसभेत भंडाऱ्याच्या त्या एका राखीव जागेवर साखरे, बोरकर, अनसूयाबाई असे तीन खासदार झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. सहा डिसेंबरला ते गेले. आणि इथं ठवऱ्यांचा प्रश्न परत उभा राहतो, फार कडक होऊन. १९६२ मध्ये नागपूर भागातल्या राखीव जागेवर निवडून आलेले मेश्राम बौद्ध झालेले होते. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, यांनी हिंदू धर्म सोडला, म्हणून हे अनुसूचित जातीचे नाहीत. निवडणूक रद्द. महानुभाव झालेला महार राखीव जागेवर उभा राहू शकत होता, बौद्ध झालेला नाही. कायदा बदलायला १९९० उजाडलं.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. पार्वतीपुरमचा धसका त्याला कारण होता, असं आम्हाला वाटतं. सर्वसाधारण जागाही हातची जाऊ शकते, हे मोठ्यामोठ्यांना दिसलं होतं. तेव्हापासून राखीव जागा वेगळी, एकच कागद. दुसऱ्या कागदाचं काय करायचं, हा प्रश्नच मतदारापुढे उरला नाही. भंडाऱ्यानं त्यानंतरही पोटनिवडणूक पाहिली, २०१८ मध्ये, खासदारांनी राजीनामा दिल्यावर. त्या वेळी मे महिन्याच्या उन्हात यंत्रं बंद पडली आणि ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. ती कथा वेगळी.

सकाळच्या त्या मित्रांना अजून उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते आज आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. प्रश्नांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू या.